तिसऱ्या मजल्यावरचं पिंप

श्रीपती ओव्हाळ आणि ते दोन मासे यांची पहिली भेट लोणावळ्यात झाली. त्या दिवशी धुकं इतकं होतं की तुंगार्लीच्या रस्त्यावर समोरची म्हैस आधी अंगावर आली आणि मग दिसली. मोटरसायकलचा उजेड हँडलच्या पुढे जायला तयार नव्हता. श्रीपतीनं तीन चुकीच्या बंगल्यांच्या बेल वाजवल्या, दोन कुत्र्यांची माफी मागितली आणि चौथ्या बंगल्यात पाऊल टाकलं ते थेट समुद्रात. भिंतभर निळं पाणी. त्यात बसकी, जांभळी, बोटांची गर्दी असलेली एक वस्तू वाऱ्यावर डुलावी तशी डुलत होती आणि तिच्या कुशीतून एक नारिंगी मासा बाहेर आला. अंगावर तीन पांढरे पट्टे. मासा थांबला. त्यानं श्रीपतीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं, उजवा पर कपाळापर्यंत नेला आणि सलाम केला. मागून एक धाकटा मासा आला, त्यानंही केला. बाहेर धुकं फाटलं आणि थेट खंडाळ्यापर्यंत दिसायला लागलं.

हे सगळं श्रीपतीच्या सांगण्यावरून. आधी सांगायचा तेव्हा टाकी चार फुटांची होती. पुतण्याच्या लग्नात ती सहा फुटांची झाली, आणि कारखान्यातल्या जुन्या मंडळींच्या स्नेहभोजनात तिच्यात एक कासवही पोहून गेलं. त्या बंगल्याचा राखणदार सोपान याची साक्ष जरा वेगळी आहे. सोपानच्या म्हणण्याप्रमाणे, श्रीपतीला पाण्याचं फिल्टर दुरुस्त करायला बोलावलं होतं. तो ओल्या बुटांनी गालिच्यावर चढला, काचेपुढं तासभर उभा राहिला, माशांबरोबर आपणही तोंड उघडझाप करत राहिला, आणि फिल्टर तसंच सोडून घरी गेला.

पण श्रीपतीला दोष देऊन उपयोग नाही. त्याचा सगळा जन्म पाण्यात गेला होता आणि त्या पाण्यात त्यानं कधी काही जिवंत पाहिलं नव्हतं. नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात तो एकतीस वर्षं पाणी शुद्ध करत होता. बॉयलरला साधं पाणी चालत नाही. त्यातला चुना काढायचा, क्षार काढायचे, जे जे म्हणून पाण्यात विरघळलेलं असेल ते सगळं रेझिनच्या टाक्यांतून गाळून काढायचं आणि मग ते बॉयलरला पाजायचं. बॉयलर पितो आणि त्याची वाफ करून टाकतो. श्रीपतीनं हिशेब केला नव्हता, पण एक पवना धरण तरी त्यानं आयुष्यात शुद्ध केलं असेल आणि ते सगळं चिमणीच्या बाजूनं आकाशात गेलं होतं. मग कारखान्यानं एक कपाटाएवढं यंत्र आणलं. ते स्वतःच पाणी तपासायचं, स्वतःच झडपा उघडायचं, आणि चहाला उठायचं नाही. श्रीपतीला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यात बॅटरी नव्हती.

लोणावळ्याहून सोपानचा फोन आला, त्या वेळी श्रीपती तळेगावच्या फ्लॅटमध्ये नव्या घड्याळाकडं बघत बसला होता.

"दाजी, बंगला इकला मालकानं. नव्या मालकाला त्या भिंतीवर टीव्ही पायजे. मासं न्हेतोस का? न्हायतर मला संडासात सोडायला सांगितल्यात."

श्रीपतीनं शालनला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, आणि तीस वर्षांच्या संसारात ती एकदाही चुकली नव्हती.

टेम्पोत टाकी, दगड, नळ्या आणि बादल्यांत सात जीव घालून वरात निघाली. कार्ल्याला कोळंबी गेली. कामशेतला निळा मासा गेला. वडगावला पोचेपर्यंत पिवळा उताणा झाला आणि तळेगाव दिसायला लागलं तेव्हा एका गोगलगाईनं शंखातून मान बाहेर काढली ती परत आत घेतली नाही. उरले दोन नारिंगी मासे आणि त्यांचं ते जांभळं घर. त्याला समुद्रफूल म्हणतात. दिसायला फूल, पण तो प्राणी, आणि स्वभावानं सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षाही नाजूक. पाण्यात जरा इकडचं तिकडं झालं की ते मिटतं, आणि ते गेलं की माशांनाही घर उरत नाही.

"यातली बाई कोणती?" शालननं पदर खोचून काचेतून विचारलं.

"मोठी आहे ती. धाकटा तो नर."

"तरीच तो मागं मागं राहतो. बरं वळण आहे." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. त्या दिवसापासून माशांची नावं मालकीण आणि मालक अशी पडली.

आता घरात समुद्र ठेवायचा म्हणजे काय करावं लागतं ते सांगायला हवं, कारण श्रीपतीनं ते तळेगावातल्या प्रत्येक माणसाला सांगितलं आहे. समुद्राच्या टाकीतलं पाणी रोज उडून जातं. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं. म्हणजे वरून मिठाचं पाणी घालायचं नाही, गोडं घालायचं. गोडं म्हणजे नळाचं नव्हे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, क्षार असतात. ते थेंबाथेंबानं साठत जातं आणि महिन्याभरात समुद्राचं डबकं होतं. तेव्हा पाणी असं पाहिजे की ज्यात पाण्याशिवाय दुसरं काही नाही. हे वाक्य श्रीपती दोनदा म्हणायचा. एकतीस वर्षं जे तो लोखंडाला पाजत होता, तेच आता कुणीतरी जिवंत मागत होतं.

त्यानं गॅलरी ताब्यात घेतली. शालनची तुळस आणि कोरफड जिन्यात गेली. भिंतीला आडव्या नळकांड्या लागल्या: एक गाळ अडवणारी, एक कोळशाची, एक पडद्याची आणि शेवटी रेझिनची. एमआयडीसीतल्या भंगारवाल्यानं निळं पिंप फुकट देऊ केलं. श्रीपतीनं त्यात डोकं घालून वास घेतला आणि डोकं बाहेर काढल्यावर दोन दिवस त्याला कशाचाच वास आला नाही. मग त्यानं खाण्याचे पदार्थ भरायचं दोनशे लिटरचं पांढरं पिंप मिळवलं. त्यात पूर्वी चिंचेचा कोळ होता. ते त्यानं अकरा वेळा धुतलं. धुतलेलं पाणी तो प्रत्येक वेळी चाखायचा आणि मान हलवायचा. अकराव्यांदा शालन म्हणाली, "आता आमटी होण्याइतकीसुद्धा चिंच नाही त्यात, बाहेर या."

त्याच्या शेजारी मिठाचं पाणी कालवायला दुसरं छोटं पिंप. दोन्हींवर घट्ट झाकण, वरून जुनी चादर, कारण उजेड लागला तर शेवाळ धरतं. आणि एक खास सोय. पांढऱ्या पिंपात एक लहान पंप, टाकीत एक तरंगता गोळा. टाकीतलं पाणी खाली गेलं की पंप आपोआप चालू, भरलं की बंद. पिंप रिकामं झालं तर पंप जळू नये म्हणून गप्प बसणार, पिंपात पाणी आलं की पुन्हा आपला आपण सुरू होणार. माणूस लागत नाही. ज्या यंत्रानं त्याची नोकरी खाल्ली त्याच्याच धाकट्या बहिणीला श्रीपतीनं स्वतःच्या हातानं गॅलरीत नांदायला आणलं, आणि पहिल्याच दिवशी तिचं कौतुक करायला पेढे आणले.

एक लिटर शुद्ध पाणी काढायचं तर तीन लिटर वाया जातं. ते वाया जाणारं शालननं सोडलं नाही. घरातली प्रत्येक बादली, पातेलं, कुकर, नातवाचा जुना टब, सगळं भरून असायचं. फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची. पाहुणे पाय पुसायला थांबायचे तर पाय आधीच पुसलेले असायचे.

आणि मग तो दिवस आला. श्रीपतीच्या खिशाला पेनासारखं एक मीटर लावलेलं असायचं. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत तो आकडा दाखवतं. हे मीटर त्यानं इंद्रायणीत बुडवलं होतं, लग्नाच्या पंगतीत बुडवलं होतं, व्याह्यांच्या घरी त्यांच्या देखत बुडवलं होतं. त्या दिवशी ते पिंपात बुडवलं आणि आकडा आला शून्य.

"शालन! शून्य! अगं, शून्य!"

"पोरगं दहावीला बसलं होतं तेव्हा एवढं नाचला नव्हतात. तेव्हा तर पंचावन्न होते."

सोसायटीचे चेअरमन हौशीराम असवले वजनाची चौकशी करायला आले. जमीन विकून फ्लॅट घेतलेला माणूस, त्यामुळं खाली माती नसलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"श्रीपतराव, टाकी तीनशे लिटर, हे दोनशे, ते शंभर. सहाशे किलो झालं की वो. स्लॅब बसंल."

"तुमच्या घरी पूजेला चाळीस माणसं येतात, ती काय कापसाची असतात?"

"ती जेवून जात्यात. तुमचं पिंप मुक्कामाला हाय."

ते गेल्यावर श्रीपतीनं कारखान्याच्या सवयीनं एक पांढरी पाटी रंगवली. सुबक अक्षर, लाल रंग. 'शुद्ध पाणी. हात लावू नये.' पिंपाला अडकवून दोन पावलं मागं सरकला. शालन कपडे वाळत घालायला आली होती. तिनं पाटी मोठ्यानं वाचली. मग हातातला टॉवेल न झटकताच म्हणाली, "पाण्यावर? आपल्या घरात?"

 श्रीपतीची आजी मावळातल्या त्यांच्या गावी विहिरीच्या बाजूला घागर घेऊन बसायची. कुणी वरून ओतलं तर भरायची, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहायची. विहिरीला हात लावायचा नव्हता. बापानं श्रीपतीला चवदार तळ्याची गोष्ट रामायण-महाभारताच्या आधी सांगितली होती. खरं तर ती झाल्यावर दुसरी कुठली सांगायची त्याला गरज वाटली नव्हती. श्रीपतीनं पाटी काढली, टर्पेंटाइननं पुसली आणि तिच्यावर शालनला कांदे चिरायला सांगितलं. कांद्यांना आठवडाभर रंगाचा वास आला.

पुढं चार महिने बरे गेले. बरे म्हणजे, रोज काहीतरी मरेल असं वाटायचं आणि मरायचं नाही. समुद्रफूल सकाळी उघडायचं, मालकीण त्यात लोळायची, मालक तिच्या मागं दबून असायचा. श्रीपती समोर स्टूल टाकून बसायचा. आपण शुद्ध केलेल्या पाण्यात कुणीतरी झोपतं, जागं होतं, भांडतं, हे बघून त्याला अगदी आत कुठंतरी भरून यायचं. एवढे दोन जीव आपल्या हातून जगले पाहिजेत, बाकी काही झालं नाही तरी चालेल, असं तो शालनला म्हणाला होता. शालन म्हणाली, "बाकी काही होणारही नाही."

मे महिन्यात स्टेशनकडच्या रस्त्याची खोदाई सुरू झाली आणि एका सोमवारी खोदणाऱ्या यंत्रानं पाण्याची मोठी लाइन फोडली. तळेगावच्या त्या भागात कारंजं उडालं. लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून नळ कोरडे. दोन दिवसांत होईल म्हणाले. मग चार दिवसांत म्हणाले. मग म्हणायचं बंद केलं.

श्रीपतीनं आदल्या रविवारीच टाकीचं पाणी बदललं होतं, म्हणजे मिठाचं पिंप रिकामं होतं. पण पांढरं पिंप काठोकाठ भरलेलं. दोनशे लिटर, म्हणजे माशांना महिनाभर चिंता नाही. त्यानं झाकण उघडून बघितलं, झाकण लावलं आणि सुखानं झोपला.

बुधवारपर्यंत शालनच्या बादल्या-पातेलीही आटली होती, आणि सकाळी दारात कस्तुराबाई उभ्या. समोरच्या फ्लॅटमधल्या, सत्तरीच्या. श्रीपतीच्याच गावच्या, आणि ती विहीर त्यांच्याच सासऱ्यांच्या रानात होती. हातात कळशी.

"श्रीपतीभाऊ, घोटभर पानी हाय का रं? सून बाळंतीन हाय, आन् घरात थेंब न्हाई."

त्यांच्या सासऱ्यांनी श्रीपतीच्या बापाला आयुष्यात धड नावानं हाक मारली नव्हती. 'भाऊ' या एका शब्दावर अर्धं पिंप तिथंच रिकामं झालं असं समजायला हरकत नाही.

"घोटभर का म्हणून मावशी? कळशी भरून घ्या. हंडा आणा. त्या घरात आणखी काय आहे? तेही आणा!"

"आरं पर तुझं मासं..."

"मासे काय, दोनच आहेत!"

शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर खोचला, हे वाईट लक्षण होतं.

एवढ्यावर थांबलं असतं. पण कस्तुराबाईंनी त्या पाण्यात तुरीची डाळ लावली आणि डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. पाण्यात क्षार नसले की डाळ लवकर शिजते, हे श्रीपतीनं चार महिने सगळ्यांना सांगितलं होतं आणि चार महिने कुणी ऐकलं नव्हतं. आता संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं. ओव्हाळांच्या घरी असं पाणी आहे की हरभरे न भिजवता शिजतात. गुरुवारी जिन्यावर रांग लागली. हंडे, कॅन, पाच लिटरचे तेलाचे डबे. तळमजल्याची कोमल आयब्रो करायचं दुकान बंद ठेवून दोन बादल्या घेऊन आली. "काका, याने केस मऊ होतात का हो?"

"रेशीम होतील, बाळ!"

श्रीपतीनं हिशेबानं पिंपावर पेनाची एक खूण केली होती: याच्या खाली जायचं नाही, हे माशांचं. ऐंशी लिटर. दुपारी ती खूण पुसून साठावर केली. संध्याकाळी चाळिसावर. माशांना इतकं कशाला लागतं, उद्या नळ येईलच. मगानं पाणी ओतताना तो मग उंच धरायचा, धार मोठी पडावी म्हणून. कुणी "पुरे" म्हटलं तर "घ्या हो, घ्या" म्हणत आणखी ओतायचा. हौशीराम असवले स्वतः आले, दोन कॅन घेऊन, आणि स्लॅबचं नाव काढलं नाही.

"अहो," शालन अखेर म्हणाली, "देऊ नका असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडातून ते निघायचं नाही. पण तुम्ही पाणी देत नाही, वाढदिवस साजरा करताय."

शुक्रवारी दुपारी मग पिंपाच्या तळाला खरडला. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या एका म्हातारबांनी तांब्या पुढं केला. श्रीपतीनं पिंप तिरकं केलं.

गॅलरीतला पंप गप्प झाला. टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरू लागलं आणि राहिलेलं जास्त जास्त खारट होऊ लागलं. शनिवारी समुद्रफूल अर्धंच उघडलं. रविवारी मालकीण त्याच्या भोवती फिरत राहिली, आत शिरली नाही. टँकर येत होता, पण ते पाणी कुठल्या तरी बोअरचं. श्रीपतीनं मीटर बुडवलं तर आकडा चौदाशे आला. त्यानं ते पाणी आपल्या नळकांड्यांतून हातपंपानं ढकलून बघितलं. पहिल्या नळकांडीचं चहाच्या चोथ्यासारखं झालं आणि चौथीतून काही आलंच नाही. जारवाल्यांकडं गेला. जारवाले स्वतःच टँकरची वाट बघत होते.

सोमवारी त्याला एकदम सुचलं. बॅटरीचं पाणी! गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं ते. तेही शुद्धच की. तो लगेच मोटरसायकल काढून निघाला. तळेगाव आणि वडगावच्या दुकानांत नव्हतं. कान्ह्याला एकाच्या घरात लग्न होतं, दुकान बंद. कामशेतला जुन्या हायवेवर एक टायर-बॅटरीवाला सापडला.

"किती गाड्या हायत?" दुकानदारानं विचारलं.

"गाडी नाही. मासे आहेत."

दुकानदारानं गुटखा थुंकायचं थांबवलं. "इलेक्ट्रिक?"

श्रीपतीनं प्रत्येक कॅन उघडून मीटर बुडवलं. पहिला तीन. दुसरा दोन. तिसरा दोनशे दहा.

"हे कुठलं पाणी भरलंय?"

"ते... ते गिऱ्हाइकाचं हाय. त्याला मीटर न्हाई."

चार कॅन चांगले निघाले. वीस लिटर. श्रीपतीनं ते मागच्या सीटवर दोरीनं आवळले आणि इतक्या सावकाश परत आला की एका सायकलवाल्यानं त्याला मागं टाकून वळून बघितलं. वीस लिटर म्हणजे तीन दिवसांत उडालेलं जेमतेम भरून निघेल, खारटपणा उतरेल. थोडं थोडं, तासाला एक लिटर घालायचं. तीन-चार दिवस जगतील. गणित बरोबर होतं, त्यानं ते वाटेत तीनदा करून बघितलं.

घरी पोचला तर जिना ओला. पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत बायका-माणसं, हातात रिकामे हंडे, घामाघूम, आणि सगळे हसतायत. हौशीरामांनी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या.

"या, या, श्रीपतराव! गाडीवर काय वाहताय? वर जाऊन बघा!"

आज टँकर मोठा आला होता. कस्तुराबाईंनी ठरवलं की आधी ओव्हाळांचं. घेतलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, मग पिंप कसं द्यायचं? सगळ्या बिल्डिंगनं साखळी करून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं होतं. शालन मधल्या वेळात दार नुसतं लोटून रेशनच्या दुकानात गेली होती; परत आली तेव्हा पिंप भरत आलेलं आणि कस्तुराबाई स्वतः गॅलरीत उभ्या राहून लुगड्याच्या पदरातून पाणी गाळून ओतत होत्या. शालन "नको, नको" म्हणाली. पण नको तर सगळेच म्हणतात, पाहुणचाराला.

"काठोकाट भरलंया बग," कस्तुराबाई म्हणाल्या. गुडघ्यांवर हात ठेवून त्या धापा टाकत होत्या. "आन् त्यात ते पानी शुद्ध करायचं औषदबी घातलंया. टँकरवाला बी घालतो, पर तुझं मासं नाजूक, म्हनून मी आनिक दुप्पट घातलं."

गॅलरीतून बारीक घूं घूं ऐकू येत होतं. पंप आपला आपण सुरू झाला होता. तीन दिवसांची तहान भागवत होता.

श्रीपती हॉलमध्ये गेला. टाकी काठापर्यंत भरलेली. पाणी काचेसारखं स्वच्छ. दोन्ही मासे अगदी वर, पाण्याबाहेर तोंड काढून.

"बगा, कशी वर आल्यात," कस्तुराबाई मागून म्हणाल्या. "खूश झाली जनावरं."

श्रीपतीनं टाकीमागं हात घालून पंपाची वायर उपटली. वर आणलेले चारही कॅन अजून त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. त्यानं मागं वळून बघितलं. दारात पंधरा माणसं, कुणी पदरानं मान पुसतंय, कुणी सांडलेलं पाणी पायानं कडेला सारतंय. सत्तर वर्षांच्या बाईनं तीन मजले चढवून आणलेलं पाणी पदरानं गाळून त्याच्या घरात ओतलं होतं. तिच्यावर ओरडायला त्यानं तोंड उघडलं होतं.

"व्हय मावशी," तो म्हणाला. "बसा सगळे. चहा घेऊन जा. शालन, चहा टाक."

"कुठल्या पाण्याचा?" शालननं विचारलं.

त्यानं कॅनकडं बोट केलं. सगळ्यांना चहा झाला. चहा बेचव झाला असं कोमल म्हणाली, आणि हौशीरामांनी तिला गप्प केलं.

माणसं गेल्यावर त्यानं जे जे येत होतं ते केलं. कारखान्यातली क्लोरीन मारायची पूड डब्यात होती, ती घातली. कोळशाची नळकांडी फोडून कोळसा टाकीत सोडला. कॅनमध्ये उरलेलं पाणी वाटी-वाटीनं ओतलं. हाताची घडी घालून स्टुलावर बसला. शालन त्याच्याजवळ खाली येऊन बसली.

समुद्रफूल मंगळवारी संध्याकाळी दगडावरून सुटलं. मालक बुधवारी सकाळी मेला आणि मालकीण दहाच्या सुमारास. कस्तुराबाईंनी विचारलं तेव्हा श्रीपतीनं, म्हातारे झालते, असं सांगितलं.

गुरुवारी साडेसहाला नळाला पाणी आलं.